कॉर्डलेस फोनची रेंज वाढवायची कशी: चार बेस जोडताना खाल्लेले धक्के

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. ज्या वस्तूला वायर आहे ती आपोआप माझ्या गळ्यात पडते, मग ती लूमची मोटर असो की ऑफिसातला कॉर्डलेस. या लेखातला सगळा खटाटोप त्या कॉर्डलेसवरूनच सुरू झाला.

आमची जागा अशी: पुढे गेट आणि ऑफिस, त्यामागे लूमची साठेक मीटर लांब शेड, शेडच्या टोकाला जाड भिंत आणि लोखंडी सरकतं दार, दारापलीकडे डाईंग, उजव्या हाताला शिलाई-पॅकिंग, आणि मधला रस्ता ओलांडला की गोदाम. वर सगळीकडे पत्रा. शेडमध्ये मोबाइलला एखादी दांडी मिळाली तर मिळाली, गोदामात तीही नाही. ऑफिसातून कॉर्डलेस हातात घेऊन निघालं की लूमच्या चौथ्या रांगेपर्यंत आवाज चांगला, पुढे तुटक, आणि दारापाशी बीप-बीप. आमचे जॉबर (लूम लावून-दुरुस्त करून देणारे) अण्णा दर दोन दिवसांनी येऊन सांगायचे, "साहेब, दाराच्या पलीकडं गेलं की फोन कट होलालाय बघा."

मी तेच केलं जे सगळे करतात. नवी पेठेत जाऊन त्याच मॉडेलचा दुसरा संच आणला, त्याच लाइनला समांतर वायर टाकून डाईंगच्या बाजूला लावला आणि खूश झालो. दोन्ही फोन वाजायचे, पण ऑफिसातला हँडसेट घेऊन चालत गेलं तर कॉल तिथेच, त्याच दारापाशी तुटायचा. शेजारी दुसरा बेस, म्हणजे लाइनला जोडलेला तो डबा, ठणठणीत सुरू होता, पण हँडसेटच्या लेखी तो परका. हा लेख तुमचे ते पैसे वाचावेत म्हणून.

१. आधी हे समजून घ्या: दोन बेस ठेवले म्हणजे ते जोडले गेले असं नाही

आजचे बहुतेक कॉर्डलेस डेक्ट नावाच्या पद्धतीवर चालतात. ही मूळची युरोपातली, १९९०च्या दशकातली. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात १० वाहक लहरी असतात. प्रत्येक लहरीवर वेळेचे तुकडे पाडलेले असतात: १० मिलिसेकंदांचा एक फेरा, त्याचे २४ तुकडे, त्यातले १२ बेसने बोलायचे आणि १२ हँडसेटने. हँडसेटला आपला तुकडा कधी येणार हे बेसच्या घड्याळावरून कळतं. घड्याळ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडतं.

कॉल चालू असताना हँडसेट आपल्या तुकड्यात बोलतो आणि उरलेल्या वेळात आजूबाजूला आणखी कोण बेस ऐकू येतोय ते चाचपत राहतो. आपल्याच सिस्टिमचा दुसरा बेस जास्त मोठ्याने ऐकू आला, तर हँडसेट आधी त्याच्याशी संबंध जोडतो आणि मगच जुना सोडतो. बदलायचं की नाही हे ठरवतो हँडसेट, बेस नाही. चालत्या कॉलची अशी अदलाबदल म्हणजे हँडओव्हर. फोन खिशात नुसता पडलेला असताना बेस बदलणं म्हणजे रोमिंग. विक्रेता "रोमिंग आहे" म्हणाला की मान डोलावू नका, "बोलता बोलता हँडओव्हर होतो का?" असं विचारा. मी हे विचारलं नव्हतं.

बेसची ताकद कमाल २५० मिलिवॉट. कंपन्या खोक्यावर इमारतीत ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटर छापतात. इमारत म्हणजे त्यांच्या मनात विटांचं घर असतं, पत्र्याची शेड आणि मध्ये शंभर टन लोखंड नसतं.

जाता जाता एक गोष्ट. याच डेक्टवर बेतलेली कॉरडेक्ट नावाची पद्धत आयआयटी मद्रास आणि चेन्नईच्या मिडास कंपनीने १९९०च्या दशकात खेड्यांत फोन पोचवण्यासाठी उभी केली होती. समोरासमोर नजर पोचत असेल तर १० किलोमीटर, आणि मध्ये रिले बेस स्टेशन ठेवलं की २५ किलोमीटरपर्यंत. म्हणजे एका बेसने दुसऱ्याचा हात धरायचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. आपल्याला फक्त गोदामापर्यंत जायचंय.

२. चार मार्ग आहेत, पहिला फुकट आहे

फुकटचा मार्ग म्हणजे आहे तो बेस हलवा. आमचा बेस लोखंडी कपाटाच्या मागे, टेबलाखालच्या प्लगजवळ होता. तो भिंतीवर अडीच मीटर उंचीवर, शेडकडच्या खिडकीशेजारी नेला आणि लूमच्या दोन रांगा जास्त मिळाल्या. घर असेल, जुळे सोलापुरातलं दुमजली रो-हाउस वगैरे, तर बेस जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठेवून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं आणि पुढचं वाचायची गरजही उरत नाही.

दुसरा मार्ग रिपीटर. याला फक्त वीज लागते, टेलिफोनची वायर नाही. बेसचं ऐकायचं आणि तेच पुढे सांगायचं, एवढंच त्याचं काम. एक खोली, एक गच्ची, गेटवरची वॉचमनची केबिन एवढ्यासाठी उत्तम. पण तीन गोष्टी सांभाळा. रिपीटर बेसकडून ऐकायला आणि हँडसेटला सांगायला वेगवेगळे तुकडे खातो, त्यामुळे एका वेळी होणारे कॉल कमी होतात. तो साधारणपणे त्याच कंपनीच्या बेसशी चालतो. आणि बऱ्याच घरगुती संचांत रिपीटर लावला की वीज वाचवणारा इको मोड बंद करावा लागतो, काहींत तर संभाषणाचं एन्क्रिप्शनही (कोणी चोरून ऐकू नये म्हणून घातलेलं कुलूप). शेवटची अट माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात असते. पैशांचे व्यवहार फोनवर बोलत असाल तर ती वाचूनच घ्या.

तिसरा मार्ग गरिबाचा. अनेक हँडसेट एकाच वेळी चार बेसशी नोंदवता येतात, आणि मेनूमध्ये सगळ्यात चांगला बेस आपोआप निवडायचा पर्याय असतो. प्रत्येक बेसला ईपीबीएक्सचं (ऑफिसातल्या अंतर्गत फोन एक्स्चेंजचं) वेगळं एक्स्टेंशन द्यायचं आणि ती सगळी एक्स्टेंशन एका ग्रुपमध्ये टाकायची. फोन कुठेही वाजतो. बोलता बोलता मात्र बेस बदलत नाही, म्हणून बोलताना एका जागी उभं राहायचं. दुकान आणि वरचं घर अशा जागेला हे पुरतं. मी वाया घालवलेला दुसरा संच शेवटी असाच सत्कारणी लागला, मालकांच्या घरी.

चौथा म्हणजे मल्टिसेल. एकाच सिस्टिमचे अनेक बेस, सगळे एकच ओळख हवेत सांगणारे, सगळ्यांचं घड्याळ एक. चालत्या माणसाचा कॉल चालू ठेवायचा असेल तर हाच मार्ग. पुढचे टप्पे याचे आहेत.

३. कागद आणि सामान

सामान आणि कागदांची यादी एकत्रच देतो, कारण दुकानात जाताना दोन्ही एकाच खिशात हवेत.

- जागेचा नकाशा, मापांसह. ब्लूप्रिंट नसेल तर टेप घेऊन स्वतः काढा. लोखंडी दारं, पाण्याच्या टाक्या, बॉयलर, लिफ्ट यांच्या खुणा हव्यातच.
- एका वेळी जास्तीत जास्त किती जण बोलतील त्याचा आकडा, भागवार. डेक्टच्या हिशेबाने एका बेसवर १२ कॉल बसतात, पण प्रत्यक्षात बरेच बेस ८ देतात, आणि चकचकीत वाइडबँड आवाज लावला तर त्याच्या निम्मे. आम्ही वाइडबँड बंदच ठेवला. लूमच्या आवाजात कोण संगीत ऐकणार आहे?
- एकाच सिस्टिमचे बेस, आणि त्याच कंपनीने त्यांच्याशी चालतात म्हणून लिहून दिलेले हँडसेट. कोणताही डेक्ट हँडसेट कोणत्याही डेक्ट बेसवर बोलू शकतो हे कागदावर बरोबर आहे, पण फोनबुक, हेडसेटचं बटण, अपडेट या सोयी त्यात मिळत नाहीत.
- पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा), कॅट-६ केबल, पीव्हीसी पाइप, यूपीएस.
- जीएसटीचं पक्कं बिल. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची त्या मॉडेलची ईटीए मंजुरी आणि टीईसीचं (फोनची उपकरणं तपासणाऱ्या सरकारी केंद्राचं) प्रमाणपत्र, दोन्हींच्या प्रती विक्रेत्याकडून मागा. "कशाला साहेब, सगळे असंच घेतात" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

दोन सापळे इथेच सांगून टाकतो. सोलापुरातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी पुण्यात नाहीतर अमेरिकेत असतं, आणि अमेरिकेतून येताना डेक्ट ६.० लिहिलेला देखणा संच घेऊन येतं. तो इथे लावू नका. अमेरिकेचा डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे १९२०पासून वर मोबाइल फोनने टॉवरकडे बोलायचा पट्टा आहे. म्हणजे तुमच्या कॉर्डलेसमुळे शेजारच्या टॉवरचे कान किटतात, आणि एक दिवस शोधत शोधत कोणीतरी दारात येतं. इथल्या बेसशी त्याचं जमत नाही ते वेगळंच.

दुसरा सापळा: खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेले कॉर्डलेस. ते डेक्ट नव्हेत. वायफायच्याच गर्दीत भांडतात आणि या सिस्टिममध्ये शिरू शकत नाहीत. खोक्यावर डेक्ट हा शब्द आणि १.९ किंवा १८८०-१९०० हे आकडे दिसले पाहिजेत.

४. भिंतीला भोक पाडण्याआधी चाला

या टप्प्याला आम्ही दोन दिवस दिले आणि सगळ्यात जास्त शिकलो. एक बेस आणि एक हँडसेट आधी घ्या, किंवा विक्रेत्याकडून चार दिवसांसाठी मागून आणा. व्यावसायिक हँडसेटमध्ये सर्व्हेचा मेनू असतो, त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. तीनने घसरला की ताकद निम्मी. माझ्या अनुभवात उणे ६०पर्यंत आवाज काचेसारखा, उणे ७० ही मी ठरवलेली वेस, आणि उणे ८०नंतर देवाचं नाव.

आम्ही रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये वाळू भरली, त्यात तीन मीटरचा बांबू रोवला, टोकाला सुतळीने बेस बांधला आणि एक्स्टेंशन बोर्डने वीज दिली. तो ड्रम ढकलत शेडभर फिरलो. अण्णा हँडसेट घेऊन पुढे, मी खडू घेऊन मागे. उणे ६० आलं की जमिनीवर गोल, उणे ७० आलं की फुली. दुपारपर्यंत शेडची जमीन लग्नातल्या रांगोळीसारखी झाली होती.

आता तो आकडा किती बोलका असतो ते बघा. २५० मिलिवॉट म्हणजे २४ डीबीएम. मोकळ्या मैदानात १.९ गिगाहर्ट्झची लहर ४० मीटरवर गेली की साधारण उणे ४६ दिसायला हवी. आमच्या शेडमध्ये ४० मीटरवर, दाराशी, उणे ७२ दिसत होती. मधले २६ डीबी लूमच्या सांगाड्यांनी, बीमच्या रॅकने आणि भिंतीने खाल्ले. २६ डीबी म्हणजे ताकद जवळपास चारशेवा हिस्सा. असं एकदा मोजलं की "बेसचा पॉवर वाढवा ना" असं कोणी म्हणालं तरी राग येत नाही. पॉवर वाढवून चारशे पट कोण वाढवणार? बेस जवळ आणावा लागतो.

चूक कुठे केली तेही सांगतो. पहिला सर्व्हे सुट्टीच्या दिवशी केला, कारण मशीन बंद आणि फिरायला मोकळं. कामाच्या दिवशी तीच जागा सहा-आठ डीबीने पडली. कारण डाईंगमधून ओल्या टॉवेलच्या ट्रॉल्या त्या दारातून ये-जा करतात. कोरडा कपडा या लहरीला फारसा अडवत नाही, पाणी अडवतं. माणसाचं अंगही पाणीच आहे: हँडसेट कमरेला मागे लावला आणि बेस समोर असला तर मध्ये तुम्ही स्वतः भिंत. म्हणून सर्व्हे दोनदा करा, एकदा रिकाम्या जागेत आणि एकदा ऐन कामात. लोखंडी दार उघडं ठेवून एकदा आणि बंद करून एकदा.

दोन बेसची वर्तुळं एकमेकांत किती शिरली पाहिजेत? माणूस भरभर चालला तर सेकंदाला साधारण १.४ मीटर. हँडसेटला नवा बेस चाचपून उडी मारायला दोन-चार सेकंद लागतात. मी दहा मीटरचा सामायिक पट्टा धरला, म्हणजे सात सेकंद मिळतात. हा पट्टा दोन्ही बेसच्या उणे ७०च्या आत हवा. आणि तो दाराच्या चौकटीत येऊ देऊ नका. दार ओलांडल्याबरोबर सिग्नल एकदम पडतो, हळूहळू नाही, तिथे हँडसेटला सात सेकंद मिळतच नाहीत. दारावर एका बेसची नजर आरपार जाईल असं बसवा, म्हणजे उडी दाराच्या अलीकडे किंवा पलीकडे पडेल.

५. बेसनी एकमेकांना ऐकलं पाहिजे

इथे नवखा माणूस हमखास फसतो. आपण हँडसेटला सिग्नल मिळतो की नाही एवढंच बघतो. पण मल्टिसेलमध्ये एक बेस मुख्य असतो, त्याचं घड्याळ खरं, आणि बाकीचे बेस हवेतून त्याचं ऐकून आपलं घड्याळ जुळवतात. हे जुळलं नाही तर बेस सुरू दिसतो, दिवा लागतो, त्याच्याखाली उभं राहिलं की फोनही लागतो, फक्त हँडओव्हर होत नाही. म्हणजे पुन्हा दोन परके बेस, महागातले.

म्हणून जिथे दुसरा बेस लावायचा तिथे हँडसेट धरा आणि पहिल्या बेसचा आकडा वाचा. उणे ७०च्या आत असेल तरच तिथे भोक पाडा. कंपन्या उणे ७५ किंवा थोडं खालीही चालतं म्हणतात. मी तेवढी उधारी ठेवत नाही.

साखळी लांबवू नका. आमचा पहिला आराखडा असा होता: मुख्य बेस ऑफिसात, त्याचं ऐकून शेडमधला, त्याचं ऐकून पॅकिंगचा, त्याचं ऐकून गोदामाचा. कागदावर सरळ रेष, सुंदर. पहिल्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनने शेडचा एक एमसीबी पाडला आणि पलीकडचे दोन्ही बेस अनाथ झाले. मग मुख्य बेस शेडच्या मध्यावर आणला, ऑफिस आणि पॅकिंग दोघंही थेट त्याचंच ऐकतात, डाईंगची पलीकडची बाजूही त्याच्याच नजरेत दारातून येते. चौथा फक्त गोदामाचा, पॅकिंगवर अवलंबून. झाडाच्या फांद्यांसारखं, मुळापासून दोन पावलांच्या आत सगळे. सिस्टिममध्ये पर्यायी सिंकचा (घड्याळ जुळवायला दुसरा बेस नेमायचा) रकाना असेल तर तोही भरा.

आणि गोदामाची गोष्ट. सगळं बसवून झालं, आठवडाभर ठीक, मग तक्रार: गोदामात रोज दुपारी फोन बोलता बोलता तुटतो. फक्त दुपारी. मी ऊन समजलो. मे महिना, पत्रा, आत पंचेचाळीस अंश तरी असणार, बेस तापत असेल असं म्हणून त्याला पंखा लावला. काही फरक नाही. शेवटी एका दुपारी डबा घेऊन गोदामातच जेवायला बसलो. भाकरीला शेंगाची चटणी लावत होतो आणि गोदामाच्या माणसाने उठून शटर खाली ओढलं. कुत्री आत येतात म्हणून जेवणाच्या अर्ध्या तासात तो रोज शटर ओढायचा. बेसच्या दिव्याचा रंग माझ्यासमोर बदलला. पॅकिंगच्या बेसचा आवाज त्या उघड्या शटरमधूनच येत होता. सर्व्हेला गेलो तेव्हा शटर उघडं होतं, आकडा उणे ६८. बंद केल्यावर उणे ८५. बेस काढून शटरवरच्या जाळीच्या झरोक्यासमोर, भिंतीवर बसवला. आता शटर काहीही असो, उणे ७१. माझ्या वेशीच्या एका आकड्याने बाहेर, पण ही एवढी एकच उधारी ठेवली.

हवेतून जुळणी शक्यच नसेल, म्हणजे दोन इमारतींमध्ये मोठं अंतर किंवा काँक्रीट असेल, तर काही सिस्टिममध्ये केबलवरून घड्याळ जुळवता येतं. त्याला आयईईई १५८८ पद्धत म्हणतात. त्यासाठी स्विच चांगल्या जातीचे लागतात, आणि मध्ये चार-पाच स्वस्त स्विच असतील तर घड्याळ डुलक्या घेतं. खरेदीआधी हा पर्याय त्या मॉडेलमध्ये आहे का ते विचारून ठेवा, नंतर मिळत नाही.

६. केबल, वीज आणि वळीव

बेस अडीच-तीन मीटर उंचीवर, लोखंडी खांबाला चिकटवून नाही, पत्र्याला टेकवून नाही. खांबावरच लावायचा असेल तर लाकडी पट्टी मध्ये घालून हातभर पुढे काढा. फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका.

पीओई म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज. प्रत्येक बेसशेजारी प्लग शोधायची कटकट वाचते आणि एका यूपीएसवर सगळं चालतं. केबलची मर्यादा स्विचपासून १०० मीटर. ते अंतर सरळ मोजू नका, भिंतीवर चढून उतरून जी लांबी होते ती मोजा. साध्या ८०२.३एएफ पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, डेक्ट बेसला तेवढे भरपूर होतात.

लूमच्या शेडमध्ये कापसाची लव उडते आणि स्विचच्या जाळीवर गोधडीसारखी बसते. स्विच शेडबाहेर ठेवा. केबल पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर सोलापूरचे आहेत, कडक भाकरी खाऊन दात घासलेले.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. मी टाकली होती, रस्त्यावरून, तारेला बांधून, अगदी नीटनेटकी. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला, कुठेतरी जवळच वीज कडाडली, आणि गोदामाचा बेस व स्विचचे दोन पोर्ट गेले. आता तिथे फायबर आहे, दोन टोकांना कन्व्हर्टर आणि गोदामात छोटा वेगळा पीओई स्विच. फायबरमधून वीज पळत नाही.

वीज गेली की हे सगळं यूपीएसवर. यूपीएसही बसला तर कॉर्डलेस म्हणजे खेळणं. म्हणून गेटवर साधा वायरचा फोन थेट लाइनवर ठेवलाय आणि त्यावर ११२ मोठ्या अक्षरात चिकटवलंय.

७. नोंदणी

हे काम सोपं आहे. प्रत्येक हँडसेटची ओळखसंख्या बॅटरीच्या खाली किंवा मेनूत असते. ती वहीत उतरवा, कोणत्या एक्स्टेंशनला कोणता ते लिहा, मग एकेक करून नोंदवा. एकदम पाच हँडसेट नोंदणीला लावले की कोण कुठे गेला ते कळत नाही. नोंदणीचा पिन बऱ्याच वेळा ०००० असतो. तो बदला, आणि काम झालं की नोंदणी बंद करा.

जुने ईपीबीएक्स असेल आणि नवे बेस आयपीचे (नेटच्या केबलवर चालणारे) असतील तर मध्ये दोघांना जोडणारा गेटवे लागतो. आमच्याकडे आठ जुनी एक्स्टेंशन तशीच ठेवून गेटवेने जोडली. बाहेरची लाइन जोडण्याचं काम ईपीबीएक्सवाल्याकडूनच करून घ्या.

८. बोलत बोलत चालायची परीक्षा

दोन माणसं घ्या. एकाने ऑफिसात बसून आकडे मोजायचे, "एक, दोन, तीन" असे, सेकंदाला एक. दुसऱ्याने कानाला हँडसेट लावून गेटपासून गोदामापर्यंत चालायचं आणि कुठला आकडा गाळला ते नकाशावर लिहायचं. मध्ये मौन पडलं तर कळत नाही, म्हणून मोजणी. आधी जाताना, मग परतताना. दोन्हीकडे उडी वेगवेगळ्या जागी पडते, कारण हँडसेट जुन्या बेसला जमेल तितका धरून ठेवतो. आमचा "सतरा" नेहमी पॅकिंगच्या वळणावर हरवायचा. तिथला बेस अर्धा मीटर डावीकडे सरकवला, आला.

मग सगळे लूम चालू असताना हेच करा. शेडमध्ये शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे घंटा काय वाजणार. व्हायब्रेशन असलेले, कमरेच्या क्लिपचे, हेडसेटची पिन असलेले हँडसेट शेडसाठी घ्या. अण्णांना हेडसेट आवडत नाही, ते अजूनही फोन थरथरला की दारापलीकडे जाऊन बोलतात. निदान आता दार ओलांडल्यावर कॉल चालू राहतो.

९. स्विचच्या पेटीत आतून चिकटवायचा कागद

मी एखाद्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत असेन आणि नेमका तेव्हाच फोन बंद पडेल, या भीतीने केलेला हा कागद आहे. त्यावर एवढं लिहा: प्रत्येक बेसचा क्रमांक, तो कुठे बसवलाय, त्याचा आयपी पत्ता, स्विचचा कितवा पोर्ट, कोणत्या बेसचं ऐकून घड्याळ जुळवतो, आणि बसवला त्या दिवशीचा तो आकडा. मुख्य बेसचं नाव लाल पेनने. कोणता एमसीबी पाडायचा नाही ते. नवी मशीन किंवा रॅक आली की पुन्हा कोणत्या दोन जागांवर हँडसेट धरून आकडा बघायचा ते.

आमच्या कागदाच्या तळाला अण्णांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: "बिघाड वाटला तर आधी शटर बघा."